रकाना नंबर आठ

आधी माझं काम काय ते सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. मी ग्वाल्हेरात इन्शुरन्स क्लेमचा इन्व्हेस्टिगेटर. तुमची गाडी चोरीला गेली, किंवा ॲक्सिडेंट होऊन केस क्लेम ट्रिब्युनलमध्ये गेली, की कंपनी ती फाइल एजन्सीला देते आणि एजन्सी माझ्यासारख्याला, की जा, खरं का खोटं बघून ये. मग बाइक काढायची आणि मुरार, मुरेना, भिंड, डबरा, दतिया, जिथलं असेल तिथल्या थान्यात जायचं (आम्ही इथले मराठी लोक थानाच म्हणतो, पुण्याची मावशी दरवेळी "अरे ठाणं म्हण" करते, चालायचंच), मुंशीजींना (थान्यातले लिखापढीवाले) चहा पाजायचा, एफआयआरची कॉपी, नक्शा मौका (म्हणजे घटनेच्या जागेचा नकाशा), चालान म्हणजे चार्जशीट पेश झालं असेल तर ते, नाहीतर खात्मा, असे सगळे कागद गोळा करायचे, गाडीच्या दोन्ही चाव्या बघायच्या, शेजारीपाजारी विचारायचं आणि रिपोर्ट टाइप करून पाठवायचा. केसमागे पैसे. पगार नाही, पीएफ नाही, पेट्रोल वाढलं तरी रेट तोच. हे अकरा वर्षं केलं.

२०२३ च्या दिवाळीनंतर एका कंपनीच्या रीजनल ऑफिसात क्लेम्स डिपार्टमेंटला जागा निघाली, बसून काम, महिन्याचा पगार, फील्डवाल्यांचे रिपोर्ट तपासायचे. मी म्हटलं ही आपलीच. अप्लाय केलं, इंटरव्ह्यूला बोलावलंच नाही. जागा मिळाली माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान एका मुलाला, ज्याला खात्मा आणि खारिजी यातला फरक मी शिकवला होता, चहाच्या टपरीवर, स्वतःच्या पैशाने चहा पाजून. (खात्मा म्हणजे गुन्हा झाला पण आरोपी सापडला नाही किंवा पुरावा नाही, खारिजी म्हणजे तक्रारच खोटी. आमच्या धंद्यात या दोन शब्दांमध्ये पूर्ण क्लेमचे पैसे असतात.) त्याच्याकडे क्रिमिनॉलॉजीचा एक पीजी डिप्लोमा होता आणि जाहिरातीत बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, लॉ किंवा क्रिमिनल जस्टिसमधली पीजी पात्रता असल्यास प्राधान्य. माझं बीकॉम, जीवाजी युनिव्हर्सिटी, सेकंड डिव्हिजन.

दोन दिवस मी घरात कुणाशी नीट बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बायको म्हणाली, "मग तू पण कर ना तो कोर्स, कुणी अडवलंय?" आई म्हणाली, चाळिशीत परीक्षा, लोक काय म्हणतील. लोक काही म्हणाले नाहीत, दौलतगंजात लोकांना स्वतःची कामं आहेत.

एलएलबी तीन वर्षांचं, रोज कॉलेज, ते शक्य नव्हतं. डिस्टन्सचा एक वर्षाचा पीजी सर्टिफिकेट कोर्स सापडला, क्रिमिनल जस्टिसचा, फी साडेनऊ हजार, परीक्षा जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये, रविवारी कॉन्टॅक्ट क्लास, शेवटी एक प्रोजेक्ट. फॉर्म मी भरला तो पडावच्या पेट्रोल पंपाच्या लाइनीत उभं राहून, मोबाइलवर. तारीख पक्की लक्षात आहे, २ जानेवारी २०२४, कारण तेव्हा ट्रकवाल्यांचा संप होता आणि अख्खं शहर पंपावर उभं होतं. संप कशासाठी, तर आयपीसीच्या जागी येणाऱ्या नवीन कायद्यात हिट अँड रनला दहा वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली होती, जुन्या ३०४-ए मध्ये जास्तीत जास्त दोन होती. माझ्या पुढे एक टेम्पोवाला होता तो सांगत होता, "भाईसाब, रुकेंगे तो पब्लिक मारेगी, भागेंगे तो दस साल, बताओ क्या करें." मी त्याला काय सांगणार, मी तेव्हा "आईचे नाव" या रकान्यात अडकलो होतो. ते कलम १०६ चं पोटकलम २, फेब्रुवारीत नोटिफिकेशन निघालं तेव्हा बाकी सगळं १ जुलैपासून लागू म्हणाले आणि हे एकटं बाजूला ठेवलं. पहिला धडा तसा लाइनीतच झाला म्हणायचा.

पुस्तकं आली मार्चमध्ये. चार जाडजूड गठ्ठे, आणि चारही जुन्या कायद्यांवर! आयपीसी, सीआरपीसी, एव्हिडन्स ॲक्ट. नवीन तिन्ही कायदे डिसेंबर २०२३ मध्येच पास झालेले, पण पुस्तकं त्याच्या आधी छापलेली. सेंटरला फोन केला तर म्हणे जूनच्या परीक्षेला जुनंच येईल, डिसेंबरचं नंतर कळवू. नंतर कुणी काही कळवलं नाही. म्हणजे मी जूनपर्यंत ५११ कलमांची आयपीसी पाठ करायची आणि जुलैपासून ३५८ कलमांची भारतीय न्याय संहिता, पहिलं विसरून. विसरताही येत नाही, कारण १ जुलैच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनीच कलमं लागतात आणि माझ्या बॅगेतल्या सगळ्या फाइली जुन्या. माझी मुलगी आठवीत होती, तिला हा प्रकार फार आवडला. रात्री जेवणानंतर ती विचारायची, "बाबा, चीटिंग?" मी म्हणायचो ४२०. "नाही, आता ३१८, चार." "खून?" ३०२. "नाही, १०३!" आई आतून म्हणायची, अरे पोरीला काय शिकवतोयस.

रविवारच्या क्लासला आम्ही चौदा जण. दोन आरक्षक (म्हणजे पोलीस कॉन्स्टेबल), एक जेलमधले, एक बाई महिला हेल्पलाइनच्या, तीन-चार नुकतेच ग्रॅज्युएट झालेले पोरं ज्यांना एसआयची परीक्षा द्यायची होती, बाकी असेच. शिकवायला एक रिटायर्ड डीएसपी यायचे. मराठीच, पण नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. आवाज बारीक, फळ्यावर काही लिहायचे नाहीत, खुर्चीत बसून बोलायचे आणि मध्येच एखाद्याला उभं करायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी कोरे एफआयआरचे फॉर्म वाटले आणि म्हणाले, तुमची सायकल चोरीला गेली आहे, तुम्हीच फिर्यादी, तुम्हीच मुंशी, लिहा.

मी मनात म्हटलं हे माझं घरचं काम. दहा मिनिटांत लिहून दिलं. आरक्षकांनी तर पाच मिनिटांत. सरांनी सगळे गोळा केले, चाळले आणि म्हणाले, चौदातल्या एकानेही आठ नंबर भरलेला नाही.

आता तो फॉर्म ज्यांनी नीट बघितला नसेल त्यांच्यासाठी. एक नंबरला जिल्हा, थाना, क्रमांक. दोनला कलमं. तीनमध्ये घटना कधी घडली, थान्याला कधी कळलं आणि रोजनामचात, म्हणजे थान्याच्या रोजच्या डायरीत, नोंद कितव्या नंबरला. मग जागा, मग फिर्यादी, मग आरोपी. आणि आठ नंबरला, फिर्यादीने उशिरा रिपोर्ट केली असेल तर उशिराचं कारण. एक ओळ, फार तर दीड. आमच्याकडे तिथे बहुतेक वेळा "कोई विलंब नहीं" असं छापल्यासारखं येतं, घटना चार दिवसांपूर्वीची असली तरी, किंवा काहीच नसतं.

सर मला म्हणाले, "तुम्ही इन्शुरन्सवाले ना? तुम्ही सगळ्यात आधी काय बघता?" मी म्हटलं, तीन नंबर. घटनेची वेळ आणि सूचनेची वेळ, त्यातलं अंतर. जास्त असेल तर संशय. "आणि आठ?" मी गप्प. "म्हणजे प्रश्न तुम्ही वाचता आणि उत्तर वाचत नाही." वर्ग हसला. मीही हसलो पण घरी येताना बाड्याच्या चौकात गाडी लावून जरा वेळ बसलो होतो, खरं सांगतो.

त्यांचं म्हणणं साधं होतं. उशीर म्हणजे खोटं असं कायदा कुठेच म्हणत नाही, उशिराचं कारण द्या म्हणतो. कारण कुणी विचारलंच नाही तर फिर्यादी सांगत नाही, मुंशी लिहीत नाही, आणि पुढे दोन वर्षांनी कोर्टात बचावाचा वकील तेवढाच धागा धरून ओढतो. मग त्यांनी ललिता कुमारीचं जजमेंट सांगितलं, २०१३ चं, सुप्रीम कोर्टाच्या पाच जजांचं, की दखलपात्र गुन्ह्याची माहिती आली तर एफआयआर लिहावाच लागेल, टाळता येणार नाही. आणि एका आरक्षकाकडे बघून म्हणाले, तरी पण आधी "आवेदन दे जाओ, देखते हैं" होतं की नाही? आरक्षक म्हणाला, "होता है सर." तो उशीर कुणाच्या खात्यात, फिर्यादीच्या. हे मला थान्याबाहेर अकरा वर्षं उभं राहून कळायला हवं होतं, माझ्या डोळ्यादेखत लोक कागद देऊन परत जाताना मी बघितलेत.

बाकी विषयांचं थोडक्यात. क्रिमिनॉलॉजी मजेशीर. लोंब्रोसो नावाचा इटालियन डॉक्टर, त्याने १८७६ मध्ये मांडलं की गुन्हेगार जन्मतःच वेगळा दिसतो, जबडा असा, कान तसे. ते वाचून मी लग्नाचा अल्बम काढला, बायकोच्या मामांना सगळी लक्षणं लागू पडतात, मामा पोस्टातून रिटायर झालेत आणि आयुष्यात कुणाचे चार आणे बुडवले नाहीत. बेकारिया त्याच्याही शंभर वर्षं आधीचा, त्याचं म्हणणं मात्र पटलं, की शिक्षा किती मोठी यापेक्षा ती नक्की होणार का हे महत्त्वाचं. मला तो टेम्पोवाला आठवला.

सुधारणावादी शिक्षेच्या धड्यात परदेशातली उदाहरणं भरली होती आणि आपल्या चंबळचं एक अक्षर नाही. अरे, १९७२ मध्ये जयप्रकाश नारायणांच्या पुढे मोहर सिंग, माधो सिंगपासून शेकडो बागी (म्हणजे डाकू) बंदुका ठेवून आले, त्यांच्यासाठी मुंगावलीला खुली जेल काढली, बायकापोरं येऊन राहायची. हे आमच्या अंगणातलं. माझी आजी सांगायची की तिच्या काळी भिंडकडे जाणारे लोक दुपारचीच बस धरायचे, अंधारात नको. असाइनमेंटमध्ये मी हे सगळं लिहिलं, वीसपैकी अकरा मिळाले. शेरा होता, "विषय सोडून."

कैद्यांवरचा धडा मात्र डोक्यातून गेला नाही. एनसीआरबीचे, म्हणजे केंद्राच्या गुन्हे नोंद विभागाचे, २०२२ चे आकडे, देशातल्या जेलांत ५,७३,२२० माणसं आणि त्यातली ४,३४,३०२ कच्चे कैदी, म्हणजे ज्यांचा खटला अजून चालूच आहे. चारात तीन. सीआरपीसीच्या जागी आलेल्या नवीन नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ मध्ये आलंय की पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेला असेल आणि जास्तीत जास्त शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर बाँडवर सोडायचं, फाशी-जन्मठेपेचे गुन्हे सोडून. आमच्या वर्गातले जेलवाले साहेब म्हणाले, कागद वेळेवर निघाला तर. बहोडापूरच्या सेंट्रल जेलवरून मी हजार वेळा गेलो असेन, भिंत फक्त भिंत होती.

जूनची परीक्षा पंचेचाळीस डिग्रीत दिली, त्यात सांगण्यासारखं काही नाही, पंखा माझ्या बाकावर येत नव्हता एवढंच.

मग १ जुलै. सकाळी मुलगी फोन घेऊन आली, "बाबा, आपलं ग्वाल्हेर पहिलं!" झालं असं की आधी सगळीकडे बातमी आली की नव्या कायद्याखाली पहिली एफआयआर दिल्लीत, एका फेरीवाल्यावर. संध्याकाळपर्यंत गृहमंत्र्यांनीच सांगितलं की नाही, पहिली ग्वाल्हेरची, रात्री बारा वाजून दहा मिनिटांनी, मोटरसायकल चोरीची, किंमत १ लाख ८० हजार. आता मला सांगा, देशाच्या नव्या फौजदारी कायद्याची पहिली केस माझ्या गावात आणि ती पण बाइक चोरीची, म्हणजे शुद्ध माझ्या धंद्यातली! लोकांनी पेढे वाटावेत अशी गोष्ट नाही, कुणाची तरी गाडी गेली होती, पण मला उगाच आतून असं वाटलं की आपण कोर्सला बसलो ते बरोबर केलं.

दोन-तीन दिवसांनी एका थान्यात गेलो. मुंशीजी ओळखीचे, एरवी मान वर न करता "फोटोकॉपी बाहर से करा लो" म्हणणारे. टेबलाच्या काचेखाली तुलनेचा तक्ता ठेवलेला, एका बाजूला जुनी कलमं, दुसऱ्या बाजूला नवी, फोटोकॉपीची फोटोकॉपी, त्यामुळे ३ आणि ८ सारखेच दिसत होते. समोर एक माणूस, गाडीतून बॅटरी चोरीला गेली होती. मुंशीजी तक्त्यावर बोट फिरवत होते. मी म्हटलं, "तीन सौ तीन, दो." त्यांनी वर बघितलं. तक्त्यात शोधलं. मिळालं. मग म्हणाले, "और सोने की चेन खींची हो तो?" मी म्हटलं ३०४, झपटमारी आता वेगळं कलम आहे. "धमकी?" ३५१. "मर्ग?" म्हणजे अकस्मात मृत्यू, जुनं १७४, आता १९४, संहिता दुसरी. अर्धा तास मी तिथे चालता-बोलता तक्ता होतो. निघताना त्यांनी चहा मागवला, त्यांच्या पैशाने. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

पुराव्याचा पेपर माझा सगळ्यात कच्चा होता आणि त्याचाच पुढे उपयोग झाला. सीसीटीव्हीचं फुटेज कोर्टात द्यायचं तर सोबत सर्टिफिकेट लागतं, जुन्या कायद्यात ६५-बी, आता साक्ष अधिनियमात ६३. २०२० चं मोठं जजमेंट जालन्याच्या निवडणुकीवरून झालेलं, अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल, उमेदवारी अर्ज वेळेत भरला का नाही यावरून, आणि त्याचे व्हिडिओ निवडणूक अधिकाऱ्यांच्या ऑफिसातले. वर्गात बाकी सगळे हिंदीवाले "गोरंट्याल" म्हणताना अडखळायचे आणि सर मला उभं करून वाचायला लावायचे. नव्या सर्टिफिकेटचे दोन भाग, एक देणाऱ्याने भरायचा, दुसरा एक्स्पर्टने, आणि फाइलची हॅश व्हॅल्यू लिहायची, म्हणजे त्या फाइलचा बोटांचा ठसा समजा, एक फ्रेम बदलली तरी ठसा बदलतो. मी आतापर्यंत काय करत होतो? पंपावर जायचं, मॅनेजरला सांगून फुटेज लावायचं आणि स्क्रीनचा मोबाइलवर व्हिडिओ काढायचा. त्यात कधीकधी मॅनेजरचं डोकं पण यायचं.

प्रोजेक्टचा विषय मी घेतला, वाहन चोरीच्या एफआयआरमधलं उशिराचं कारण. माळ्यावर माझ्या जुन्या रिपोर्टांच्या कॉप्या होत्या, पोत्यात. दसऱ्याच्या साफसफाईत बायकोने त्या रद्दीत द्यायला काढल्या होत्या, वेळेवर वाचवल्या. नावं काळ्या पेनाने खोडून एकेक वाचायला बसलो, फक्त तीन नंबर आणि आठ नंबर.

त्यात एक २०१९ ची निघाली. दूधवाला, भिंड रोडकडच्या गावचा, बाइक गेली जयारोग्य हॉस्पिटलच्या बाहेरून, एफआयआर चौथ्या दिवशी. माझा रिपोर्ट माझ्याच भाषेत, "चार दिवसांचा विलंब, संशयास्पद, समाधानकारक स्पष्टीकरण नाही." क्लेम नाकारला गेला होता. आणि मागे जोडलेल्या एफआयआरमध्ये, आठ नंबरला, मुंशीने चक्क हाताने लिहिल्यासारखं व्यवस्थित टाइप केलेलं, "पिता की अस्पताल में मृत्यु हो जाने से अंतिम संस्कार में व्यस्त था." तो कागद मीच आणला होता. मीच पंच करून फाइलला लावला होता. स्पष्टीकरण नाही, असं मी त्याच्यावरच्या पानावर लिहिलं होतं.

पुढे जानेवारी २०२० मध्ये गुरशिंदर सिंगच्या केसमध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की चोरीची एफआयआर लगेच झालेली असेल तर फक्त विमा कंपनीला उशिरा कळवलं म्हणून क्लेम नाकारता येत नाही. ही केस त्यात बसत नाही, इथे एफआयआरच उशिराची, पण निदान कुणीतरी उशिरात फरक करायला लागलं होतं. मी त्या दूधवाल्याच्या नंबरवर फोन लावला. तो नंबर आता मुरेनाच्या एका मुलाकडे आहे, त्याने दोनदा "कौन?" विचारलं आणि ठेवला. फाइल जुनी, मुदती कधीच उलटून गेलेल्या. प्रोजेक्टमध्ये ती केस मी घातली, "इन्व्हेस्टिगेटरची चूक" म्हणून, इन्व्हेस्टिगेटर कोण ते लिहिलं नाही. सरांना कळलं असावं, त्यांनी त्या पानावर काहीच खूण केली नाही, बाकी प्रत्येक पानावर होती.

डिसेंबरची परीक्षा मुरारला. सकाळचं धुकं इतकं की थाटीपूरपर्यंत मी एका बसच्या मागच्या लाल दिव्याकडे बघत गेलो. पेपरात कलमं दोन्हीपैकी कोणतीही लिहा असं छापलेलं, म्हणजे त्यांचंही ठरलेलं नव्हतं. तीन तास हाताने लिहिणं, चाळिशीनंतर, थंडीत, हे ज्यांनी केलंय त्यांनाच कळेल, दुसऱ्या तासाला माझा "श" आणि "र" सारखाच यायला लागला. निकाल मार्चमध्ये. क्रिमिनॉलॉजी ६१, प्रक्रिया ५८, पुरावा ५२, प्रोजेक्टला ७४. सर्टिफिकेटवर आईचं नाव चुकलं, सुमतीचं सुमित्रा. दुरुस्तीचा अर्ज दिलाय, आई म्हणते राहू दे, सुमित्रा पण चांगलं आहे.

नोकरीचं विचाराल तर लगेच काही झालं नाही. पहिल्या ठिकाणी इंटरव्ह्यू झाला, वय जास्त वाटलं असावं. दुसऱ्या ठिकाणी तिघे बसले होते, त्यातल्या बाईंनी विचारलं, फुटेज कसं कलेक्ट करता? मी आधी काय करायचो ते खरं सांगितलं, मॅनेजरच्या डोक्यासकट, मग ६३ चे दोन भाग आणि हॅश सांगितलं. त्या हसल्या आणि शेजारच्याला म्हणाल्या, आपले अजूनही तसंच पाठवतात. मे २०२५ पासून मी तिथे आहे. पगार सांगणार नाही, पण फील्डच्या चांगल्या महिन्यापेक्षा थोडा जास्त आणि वाईट महिन्याच्या दुप्पट, शिवाय पीएफ. कागद नसता तर त्या खोलीत शिरलोच नसतो, हे मान्य. कागद चिकटवून कुणी आपोआप वर जात नाही हेही तितकंच, आमच्या वर्गातल्या दोन्ही आरक्षकांच्या सर्व्हिस बुकात नोंद झाली आणि ते अजून तिथेच आहेत, मध्य प्रदेशात २०१६ पासून प्रमोशनचं काय झालं हे इथल्या कोणत्याही सरकारी माणसाला विचारा, तुमचा तास जाईल.

आता माझ्या हाताखाली चार फील्डवाले आहेत. जूनमध्ये त्यातला एक, भिंडचा, हुशार पोरगा, एक फाइल घेऊन आला. बाइक चोरी, डिसेंबरअखेरीची, थाटीपूरमधून, एफआयआर तीन दिवसांनी, खात्मा लागलेला. रिपोर्टात त्याने रिजेक्ट सुचवलं होतं. मी म्हटलं, आठ नंबर वाचला? म्हणाला, "वही तो सर! पढ़ा, इसीलिए तो पकड़ा." आठ नंबरला लिहिलं होतं, शादी समारोह में बाहर होने से. आणि पोरगा विजयी चेहऱ्याने म्हणतो, "सर, खरमास में कौन शादी करता है?"

मी क्षणभर त्याच्याकडे बघतच राहिलो. मुद्दा बिनतोड होता. खरमास म्हणजे सोळा डिसेंबर ते संक्रांत, तेव्हा आमच्या या भागात लग्नं होत नाहीत, बँडवाले बँड धुऊन ठेवतात. मीही त्याच्या वयाचा असतो तर हेच लिहिलं असतं, आणि अभिमानाने लिहिलं असतं.

म्हटलं, फोन लाव त्याला. स्पीकरवर. फिर्यादी शर्मा, बोलायला एकदम साधा, नागपूरच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे कामाला, सुट्टीत घरी आला होता, बाइक घराबाहेर, मालकाच्या मुलीच्या लग्नाला परत नागपूरला गेला, घरी म्हातारी एकटी, तिला वाटलं गाडी पुतण्या घेऊन गेला असेल, हा परत आला तेव्हा कळलं. पोरगा हळूच मला म्हणतो, बघा, किती तयार स्टोरी. मी शर्मांना विचारलं, लग्नाची पत्रिका आहे का? ते म्हणाले, व्हॉट्सॲपवर असेल, शोधतो.

दहा मिनिटांनी आली. लाल-पिवळी, कोपऱ्यात गणपती, तारीख डिसेंबरची, फिर्यादी सांगत होता तीच. पोरग्याने मोबाइल जवळ धरला, लांब धरला, म्हणाला, "सर ये तो मराठी में है, क्या लिखा है?" मी चष्मा लावला आणि त्याला वाचून दाखवायला लागलो, श्री गजानन प्रसन्न, आमचे येथे श्रीकृपेकरून.